ग्रहाची आत्या

वच्छलाबाईंना भाऊ नाही. चार बहिणींत त्या थोरल्या. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. पण ती द्वितीयेची कोर सूर्यामागोमाग मावळते, आणि त्यांच्या माहेरी, धुळ्याजवळच्या खेड्यात, पश्चिमेला शेजाऱ्यांची भलीमोठी चिंच होती. दोन वर्षं चंद्र दिसलाच नाही. चौघी ताट धरून रडायला लागल्या तेव्हा आई म्हणाली, "चंद्र नहीं दिसस ते सकायले सूर्याले ओवाळा. तो काय, रोज येस."

धाकट्या तिघी लग्न होऊन लांब गेल्यावर चंद्राकडे वळल्या. वच्छलाबाई म्हणाल्या, एकदा भाऊ मानला तो मानला. आज त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत. भाऊबीजेच्या सकाळी अंगणात पाट मांडतात, पाटावर ऊन पडलं की भाऊ बसला असं समजतात, आणि निरांजन ओवाळतात. उन्हात ज्योत दिसत नाही. विचारलं तर म्हणतात, "त्याले दिसस ना."

त्यांचे यजमान वना आबा या नात्याचा पुरेपूर वापर करतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की ओट्यावरून ओरडतात, "तुन्हा भाऊले जरा आवर वं!" आतून उत्तर येतं, "तुम्ही त्याना मान राखतस नहीं, म्हनीसन तपस तो."

आमचं गाव चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना लागतं. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली अठरा वर्षं वच्छलाबाईंनी शाळेची खिचडी शिजवली. स्वयंपाकाची शेड चौथीच्या खिडकीला लागून. दरवर्षी मी 'सूर्याचं कुटुंब' शिकवायला लागले की बाहेर पातेल्यातला डाव थांबायचा. हे त्यांच्या तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं. त्याच वर्षी मधल्या सुट्टीत त्या पदराला हात पुसत वर्गात आल्या आणि तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्याशी त्या अर्धं शाळेतलं मराठी बोलतात, अर्धं घरच्या बोलीतलं.

"बाई, सूर्याचं कुटुंब म्हणजे सूर्याची लेकरं ना?"

"तसंच म्हणायचं."

"मग या बठ्ठा मन्हा भाचा शेतस!"

मी हसले, पण हे सगळे तुमचे भाचे नाहीत म्हणायला मला जागा सापडेना. मीच शिकवलेलं होतं.

पुढे प्लूटोला ग्रहांतून काढलं. मी फळ्यावरचा नऊ पुसून आठ लिहिला, त्या दिवशी खिचडी करपली. "धाकला शे म्हनीसन घरमाईन काढी टाकं?" त्यांनी मला जाब विचारला. काढणारी मी नव्हते, तरी मान खाली घातली.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून लागलेली होती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकते, 'कुर्रर्र' करते, नाव सांगते, आणि भोवतालच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला वच्छलाबाई घुगऱ्या शिजवतात, पाळणा बांधतात, धपाटेही सर्वांत जोरात घालतात. पण भाऊ नाही म्हणजे आत्या म्हणणारी भाचरं नाहीत; बहिणींच्या मुलांच्या त्या मावशी. "पन्नास वर्षं लोकांच्या पाठी बडवल्या," त्या एकदा म्हणाल्या, "आपली पाठ कोरी ती कोरीच. आणि आभाळातल्या भाच्यांच्या बारशाला कोणी बोलावलंच नहीं."

म्हणून पेपरात नव्या ग्रहाबद्दलची चौकट वाचली तेव्हा मी चहा तसाच ठेवून त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी वाचून दाखवलं. सूर्यापासून फार लांब, शेवटच्या ग्रहाच्याही पलीकडे, काही बर्फाळ गोळे एका बाजूला ओढल्यासारखे फिरतात. तिथे एखादा मोठा ग्रह असावा, असा काही शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. काहींना तो हिशेब पटत नाही. अजून कुणी त्याला पाहिलेलं नाही.

"दिसत नाही, पण ओढ जाणवते," मी समजावलं.

सूप थांबलं. "म्हणजे पोटात शे!"

"कुणाच्या पोटात?"

"आभाळाच्या! लाथा मारस, म्हनीसन कळस. तोंड काय, जन्मल्यावर दिसी." मग आवाज खाली आणून, "बाई, नाव?"

"अजून नाही. जो शोधेल तो सुचवतो. मग जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांची एक संघटना आहे, ती मंजूर करते."

"शोधणारा म्हणजे सुईण. सुईणीले लुगडं द्यावं, चोळी द्यावी. नाव ठेवायचा मान आत्याचा!"

भिंतीपलीकडून लताबाईंचं डोकं वर आलं. लताबाई शेजारीण, आणि गल्लीतली अर्धी थट्टा त्यांच्या घरून निघते. "काय वं अक्का, भाचा व्हयना का? मग झबलं शिव ना. माप काय घेशी?"

वच्छलाबाईंनी गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "असला तर पृथ्वीपेक्षा बराच मोठा असणार."

"आणि थंडी?"

"विचारू नका. सूर्याची ऊब तिथे पोचतच नाही म्हणा. त्याला एक फेरी मारायलाच दहा-वीस हजार वर्षं लागतील."

"माय वं! म्हणजे पहिला वाढदिवस दहा हजार वर्षांनी! मग बारसं थोडं लांबलं तं काय बिघडस." आणि सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "झबलं नको. कुंची शिवते. बापापासून इतक्या लांब, कानाला वारा लागी."

आठ दिवसांत जुन्या लुगड्याची, आतून अस्तर लावलेली कुंची तयार झाली. बाळाच्या डोक्यापासून पाठीवर उतरणारी असते तशीच, फक्त तिप्पट मोठी. नावही ठरलं होतं, पण जन्माआधी नाव फोडायचं नसतं. गल्लीने जंग जंग पछाडलं. वना आबांनी दोन दिवस चहा सोडून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी निमूट मागून घेतला. लताबाई रोज भिंतीवरून एक नाव फेकायच्या, "आत्याबाई, भास्कर का? आत्याबाई, बबन का?" तेव्हापासून वच्छलाबाईंचं नाव आत्याबाईच पडलं.

लताबाईंची सून डिंपल बी.एस्सी. झालेली, तेव्हा तिचे दिवस भरत आलेले. वच्छलाबाईंनी सांगितलं तसं पत्र मी लिहिलं, डिंपलने मोबाइलवर त्याचं इंग्रजी केलं आणि त्या संघटनेला पाठवून दिलं. मूळ मजकूर असा: 'आपण सुईणीचं काम करीत आहात, त्याबद्दल आभार. बाळ सापडल्यावर नाव ठेवण्याची घाई करू नये. आत्या चाळीसगाव तालुक्यात आहे. प्लूटोचंही बघावं.'

डिंपल इतकी हसली की लताबाई घाबरून पाणी घेऊन धावल्या.

पत्र गेलं त्या दुपारी मात्र वच्छलाबाई कुंची घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "बाई, सापडी कधी?"

खोटं मला सांगता आलं नाही. "चार-पाच वर्षांत सापडेल. किंवा वीस लागतील. किंवा नसेलही."

"मी अडुसष्ट." त्या कुंचीची नाडी बोटाला गुंडाळत होत्या. "मी नसले तर त्याच्या कानात नाव कोण सांगी?"

"कागदावर लिहून माझ्याकडे द्या."

"कागदाले कुर्र करता येस का, बाई?"

मी पुढे केलेला कागद मागे घेतला.

पंधरा दिवसांनी डिंपलला मुलगी झाली. तिचा नवरा हितेंद्र एकुलता एक, त्याला बहीण नाही. आत्या म्हणून सुरतेची चुलत बहीण यायची होती. बारशाच्या सकाळी तिचा फोन आला, ताप आहे, निघता येत नाही. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या. मी वच्छलाबाईंच्या अंगणात घुगऱ्यांचं पातेलं उतरवायला हात लावत होते, तेवढ्यात दारात लताबाई उभ्या.

"आत्याबाई," त्यांनी हाक मारली, आणि पुढे नेहमीची थट्टा आलीच नाही. "चला. पाळणा थांबेल शे."

वच्छलाबाईंना कळायला वेळ लागला. "मी? हितेंद्र मन्हा भाऊ? मन्हा पोरपेक्षाबी धाकला शे तो!"

"सूर्य चालस आणि मन्हा हितेंद्र चालत नहीं?" लताबाई कडाडल्या.

वच्छलाबाई पातेलं माझ्या एकटीच्या हातात सोडून पळत सुटल्या. अर्ध्यातून परत आल्या, कुंची उचलली, पुन्हा पळाल्या.

कुंचीत बाळ जवळजवळ हरवलं. नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. वच्छलाबाई पाळण्यात वाकल्या. "कुर्रर्र..." आईबापांनी ठरवलेलं नाव त्यांनी कानात सांगितलं, जुई. आणि बायका तुटून पडल्या. ज्यांच्या ज्यांच्या पाठी वच्छलाबाईंनी कधी बडवल्या होत्या, त्या सगळ्या तिथे होत्या. लताबाई तर दोन्ही हातांनी. मीही एक धपाटा घातला, हलकाच.

पण वच्छलाबाई उठेनात. धपाटे खात, हसू दाबत, त्या बाळाच्या कानाशी काहीतरी सांगतच राहिल्या.

"अवं, दोन अक्षरांचं नाव! इतका वेळ?" लताबाई ओरडल्या.

त्या सरळ झाल्या तेव्हा अंबाडा सुटला होता, कुंकू भुवईपर्यंत उतरलं होतं आणि हसून हसून उचकी लागली होती. "एक नाव तिचं," उचक्यांमधून त्या म्हणाल्या, "आणि एक तिनं पुढे सांगायचं. ही आज बारा दिवसांची. तो वीस वर्षांनी सापडो का साठ. माझी भाची त्याच्या कानात सांगी."

"ग्रहाले कान कोठे शे वं?"

"सापडू तं दे आधी, मग कान शोधू!"

"दोन नावं सांगितली," डिंपल पलंगावरून म्हणाली, "मग धपाटेही दोनदा!"

दुसरी फेरी पहिलीपेक्षा जोरात झाली. बाहेरून वना आबा ओरडत होते, "मेव्हणा डोक्यावर उना, दुपार व्हयनी, घुगऱ्या द्या!" पण कुणाचं लक्ष नव्हतं. वच्छलाबाई पाठ पुढे करून म्हणत होत्या, "डाव्या बाजूले कोणी मारंच नहीं अजून!"

त्या गोंधळात लताबाई हळूच पाळण्याशी गेल्या, कुंची बाजूला सारून नातीच्या तोंडाशी कान नेला. "सांग मन्ही माय, काय नाव सांगं तिनं?"

जुईने एक मोठी जांभई दिली, आणि तोंड मिटून घेतलं.