माझ्यावर पडायची वीज

माझ्यावर वीज पडणार, हे मला अक्षरं कळायच्या आधीपासून माहीत होतं. मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय आले आणि मग डोकं. आमच्याकडे अशा माणसावर वीज पडते म्हणतात, आणि नुसती त्याच्यावर पडून थांबत नाही, शेजारी बसलेल्यालाही घेऊन जाते. अकोल्यात बाबा कामाला होते त्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत आमचं घर होतं. आभाळ गडगडलं की आई मला स्वयंपाकघरात लाकडी पाटावर बसवायची, वरून घोंगडी टाकायची, आणि बाकी भावंडांना घेऊन पुढच्या खोलीत जायची. मला राग यायचा. पण तिला तरी काय म्हणणार, तिला बाकीची पोरंही वाचवायची होती.

एरवी मात्र माझा भाव मोठा होता. कुणाच्या कमरेत उसण भरली की मला बोलावणं. माणूस पालथा पडायचा, मी त्याच्या पाठीला पाय लावायचे, आणि तो कण्हत कण्हत उठून बरं वाटलं म्हणायचा. विहिरीची जागा बघायची असली की तळहातावर नारळ देऊन मला वावरभर फिरवायचे, कारण पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणे. उन्हाळ्यात पाणी दाखवायला मी चालत होते आणि पावसाळ्यात कुणाच्या ओसरीवर उभी राहिलेली चालत नव्हते. यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं.

अकरावीला विज्ञान घेतलं ते या विजेपायीच. जी आपल्यावर पडणार आहे ती आहे तरी कोण, हे एकदा बघून घ्यावं म्हटलं. तर विद्युत क्षेत्राचा धडा आमच्या सरांनी एका तासात उरकला. महत्त्वाच्या प्रश्नांवर खुणा करा, बाकी सोडून द्या, म्हणाले. मी व्याख्या पाठ केली, पेपरात लिहिली, आणि त्यातलं ओ की ठो मला कळलं नाही. मग लग्न झालं आणि मी अमरावतीकडे, वरूडच्या बाजूच्या एका गावात सासरी आले.

पायाळू असल्याचं तिथे कुणाला सांगू नकोस, असं आईनं बजावलं होतं. पण पहिल्याच थंडीत माझ्या मोठ्या जावेला उसण भरली. बोलायला तिखट आणि कामाला वाघ अशी ती बाई, आणि तिला कुशीवरसुद्धा वळता येईना. मला राहवेना. मी सांगितलं आणि तिच्या पाठीला पाय लावला. तिची उसण माझ्या पायानं गेली की आपोआप उतरली, देव जाणे. माझी गोष्ट मात्र गावभर झाली.

त्या वर्षांमध्ये शेतीचं काही खरं राहिलं नव्हतं. कपाशीच्या पऱ्हाटीला बोंडअळी लागायची, सोयाबीनला ऐन वेळी पाऊस दगा द्यायचा. घरचं वावर असलेल्या बायाही मग दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत निंदायला, तण खुरपायला जाऊ लागल्या. आमची जाऊ आणि मीही. जावेला सुरुवातीला लाज वाटायची, ती डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढून गाडीत बसायची. गाडी म्हणजे वरूडकडच्या एका मुसलमान चाचांची काळीपिवळी जीप. ते सकाळी आम्हाला न्यायचे, दिवसभर बागेच्या फाटकाशी गाडीतच पाय पसरून झोपायचे, आणि संध्याकाळी आणून सोडायचे.

बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक उंच निंबाचं झाड होतं. आभाळ गडगडलं की सगळ्या बाया त्याच्याखाली जमायच्या आणि मी लांब, उघड्यावर. कुणी जा म्हणायची वेळ मी येऊ देत नव्हते, आपली आपण उठून जात होते. लोखंड वीज ओढतं म्हणून सगळ्यांची खुरपी माझ्याजवळ आणून ठेवायच्या. पायाळू आणि लोखंड, दोन्ही बला एकाच जागी. खुरप्यांचा ढीग राखत मी भिजत बसायचे. जाऊ झाडाखालून माझ्याकडे बघायची नाही.

मग मोबाइलचं नेट स्वस्त झालं. एकदा पोळ्या लाटता लाटता सहज काहीतरी शोधत होते, तर बारावीच्या भौतिकशास्त्राचे धडे सापडले, सगळे फुकट. शिकवणारे सर हिंदीत बोलायचे आणि फळ्यावर बाण काढायचे. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि रोज सकाळी थोडं थोडं बघायला लागले. कळलं नाही की मागे न्यायचे. आमच्या कॉलेजातल्या सरांना काही असं मागे नेता येत नव्हतं.

सर म्हणाले, एक विद्युत प्रभार कुठेतरी ठेवला की त्याच्या भोवतालच्या जागेतच काहीतरी होतं. तिथे दुसरा प्रभार आणा, त्याच्यावर जोर लागेल. नका आणू, तरी त्या जागेत ते असतंच. त्यालाच विद्युत क्षेत्र म्हणतात. हे मला एकदम पटलं. थंडीत जिनिंगमधून बाबा घरी आले की त्यांच्या टेरिकॉटच्या शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे, आणि हात जवळ नेला की हाताला न लागताच उभे राहायचे. म्हणजे हे मी कधीचं बघितलं होतं, नाव माहीत नव्हतं इतकंच. सरांनी सूत्र लिहिलं. त्यात प्रभार होता, अंतर होतं, एक स्थिरांक होता. मी ते थांबवून नीट पाहिलं. कोण डोक्याकडून जन्मलं आणि कोण पायाकडून, हे घालायला त्यात कुठेच जागा नव्हती. पोळी करपली, आणि मी हसत होते की रडत होते ते माझं मलाच कळलं नाही.

पुढच्या धड्यांमध्ये ते विजेवर आले. उंच आणि एकट्या वस्तूच्या टोकाशी क्षेत्र फार तीव्र होतं, म्हणून वीज बहुतेक तिथे उतरते, तेव्हा झाडाखाली कधीही उभं राहायचं नाही. आणि धातूच्या बंद पोकळीत बाहेरचं क्षेत्र शिरत नाही. प्रभार बाहेरच्या बाहेर वाहून जातो. गाडीवर वीज पडली तरी आतला माणूस बहुतेक वाचतो. मी ते पुन्हा ऐकलं. मी भिजत बसायची ती जागाही काही चांगली नव्हतीच, पण माझ्यापासून जीव वाचवायला या सगळ्या शहाण्या त्या बागेतल्या सगळ्यात वाईट जागी जाऊन बसत होत्या. चांगली जागा होती चाचांची जीप.

त्याच दिवशी मी जावेला सांगितलं. ती तूर निवडत होती.

"बाई, झाडाखाली नका बसत जाऊ. गाडीत बसा."

"लोखंडात बसाले सांगतं मले?"

"मोबाइलवर सर सांगत होते, लोखंडाच्या आत वीज येत नाई."

"तो सर पायाळू हाये का?"

"नसन."

"मंग त्याले काय मालूम," ती म्हणाली आणि सुपातली तूर पाखडायला लागली. बाकीच्या बायांना सांगितलं तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, ही पोरगी फोन पाहून पाहून बह्याड झाली. 

हस्त नक्षत्रात आमच्याकडे फार विजा होतात. अशाच एका दुपारी काळं आभाळ एकदम डोक्यावर आलं. खुरपी माझ्याजवळ पडली, बाया निंबाखाली गेल्या, जाऊ त्यांच्यात. नेहमीसारखंच. पण आधी प्रकाश दिसून मग आवाज येतो त्यात जे अंतर असतं, ते बघता बघता कमी होत चाललं. मी ओरडून सांगितलं, गाडीत जा. चाचाही गाडीतून हाका मारत होते, "अरे बाई, अंदर बैठो, काहे को भीगते?" कुणी हललं नाही. मी झाडाच्या दिशेनं थोडी पुढे गेले, तर त्या घाबरून एकमेकींना चिकटल्या. तिथूनच एक ओरडली, "इकडे नको येऊ वं, आमाले मारतं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माझं ऐकणार नाहीत, पण मला भितात. मी पदर कमरेला खोचला आणि सरळ झाडाकडे धावत सुटले.

काय पळाल्या बाया. शिव्या देत, चिखलात चपला टाकून. आसपास दुसरा आडोसाच नव्हता, फाटकाशी जीप तेवढी उभी. सगळ्या तिच्यात कोंबून बसल्या आणि दार लावून घेतलं. मी निंबाच्या बुंध्याशी एकटी उभी राहिले. मान वर करून शेंड्याकडे बघितलं. आजवर गडगडलं की मला माझीच भीती वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा मला झाडाची भीती वाटली. मी तिथून पळाले आणि संत्र्यांच्या ओळीत जाऊन, गुडघे पोटाशी घेऊन बसले. जीपकडे जायचं मनात आलं नाही असं नाही. पण मी गेले असते तर त्या परत झाडाखाली धावल्या असत्या.

खरं सांगायचं तर त्या निंबावर वीज पडली नाही. लांब कुठेतरी पडली, कान बसले. ते झाड आजही तिथे उभं आहे, आणि बाया मला आजही ऐकवतात की पाह्य, काही झालं का?

पाऊस कोसळत होता. जीपचं मागचं दार उघडलं आणि कुणीतरी खाली उतरलं. माझी जाऊ. आतून बाया तिला ओढत होत्या, ती त्यांचे हात झटकून चिखल तुडवत माझ्यापर्यंत आली.

"मुद्दाम आली होती न तू झाडाखाली? आमाले पळवाले?"

मी मान हलवली.

"चाल गाडीत."

"बाई, त्या उतरतीन."

"उतरू दे कोणाले उतराचं त्याले. चाल."

तिनं माझा हात धरला आणि मला ओढतच नेलं.  आत एकजण दाराकडे सरकली, पण जावेनं तिच्याकडे असं बघितलं की ती परत बसली. चाचांनी काच वर घेतली. बाहेर वीज चमकत होती आणि मी जावेच्या मांडीला मांडी लावून बसले होते. डोळे मिटून ती देवाचं नाव घेत होती. माझ्या सरांचं तिला एक अक्षर पटलेलं नव्हतं. वीज माझ्यावर पडणार आणि तिलाही घेऊन जाणार, याची तिला पक्की खात्री होती. गडगडाट डोंगराकडे निघून जाईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.