डबेवाले चाचा आणि बारावी काडी

कोल्हापुरात पाण्याचा एखादा थेंब कुठे गळत असेल, तर तो आमच्या डबेवाल्या चाचांची नजर चुकवूनच गळत असला पाहिजे, असं माझं आजही ठाम मत आहे. एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे शिवाजी पेठेत त्यांचं पत्र्याच्या डब्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावरच्या खोलीत मी, नुकताच चिकटलेला शाळामास्तर, भाड्याने राहत होतो. सकाळी सहाला खालून हातोडी सुरू व्हायची. पहिले आठ दिवस मी त्या हातोडीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नवव्या दिवशी चाचा परगावी गेले आणि मला जागच आली नाही. शाळेत हेडमास्तरांनी माझा पाणउतारा केला तो केलाच. तेलाचे डबे, पिठाचे डबे, दुधाच्या किटल्या, धान्याच्या कोठ्या, काय हवं ते चाचा करत. डबा तयार झाला की त्यात काठोकाठ पाणी भरायचं, तो वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटांनी कागद चाचपायचा. कागद कोरडा असेल तरच डबा गिऱ्हाइकाला. चाचांनी पेपर कधी वाचला नाही, पण तो घेतला मात्र रोज. जगात लढाई पेटो नाहीतर सरकार पडो, खालचा कागद कोरडा निघाला की त्यांच्या लेखी सगळं कुशल होतं.

गळतीशी त्यांचं वैर दुकानापुरतं नव्हतं. कुणाच्या घरी गेले तर पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते माठाच्या बुडाखाली हात घालत. एकदा पेठेतल्या एका लग्नात पंगत बसली होती. पाने वाढली गेली आणि चाचांना कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाखाली ओल दिसली. ते पानावरून उठले, दुकानात जाऊन निखाऱ्याची शेगडी आणि डाख लावायचं सामान घेऊन आले, पिंप रिकामं करायला लावलं आणि फट बुजवूनच पुन्हा पानावर बसले. तोवर पंगत संपली होती, वरपक्ष तहानेने कासावीस झाला होता आणि मांडवभर डाखेच्या नवसागराचा वास सुटला होता. चाचांना त्याचं काही नव्हतं. थंड झालेला भात कालवत ते मला म्हणाले, "मास्तर, गळणारं भांडं आन् चुगलखोर मानूस, घरात ठेवू ने."

अशा माणसाच्या नशिबी बागकाम आलं ते चाचींमुळे. चाचींचं माहेर शिरोळकडचं. तिथे त्यांच्या घराला मेंदीचं कुंपण होतं आणि त्या घरातल्या झाडून सगळ्या मुलींची लग्नाची मेंदी त्याच कुंपणाच्या पाल्याने झाली होती. चाचींच्या आईची, चाचींची, बहिणींची. एका पावसाळ्यात नदी गावात शिरली आणि दहा दिवस कुंपण पाण्याखाली राहिलं. पाणी ओसरल्यावर चाचींच्या भावाने उरल्यासुरल्या जित्या फांद्यांच्या बारा काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि एसटीने बहिणीकडे आणून दिल्या. चाचींची एकुलती एक लेक तेव्हा लग्नाची झाली होती. सोयरीक जमली होती, पण जावई अजून शिकत होता म्हणून लग्न दोन उन्हाळे पुढे ठरलं होतं. चाचींनी त्या काड्या नवऱ्यापुढे ठेवल्या आणि एवढंच सांगितलं की पोरीच्या हाताला बाजारातली पुडी लागता कामा नये. चाचांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. घराला वीतभर माती नव्हती, पण माझ्या खोलीसमोर दुकानाची उघडी गच्ची होती आणि डब्यांना तर तोटाच नव्हता.

मग चाचांनी जे केलं ते त्यांच्या इतमामाला साजेसं होतं. त्यांनी कोऱ्या जस्ती पत्र्याचे अकरा डबे बनवले. कडा मुडपलेल्या, कोपरे घोटलेले, उचलायला दोन बाजूंना कड्या. प्रत्येक डबा रात्रभर कागदावर बसला आणि अकराही कागद कोरडे निघाले. मी शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे माझं कर्तव्य समजून म्हटलं, की चाचा, बुडाला भोकं पाडा, पाणी निचरायला हवं, मुळांना हवा लागते. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना दर्ग्यात चपला घालून जायला सांगितलं होतं. चाळीस वर्षं हा माणूस भोकं बुजवत आला होता. "तुमचं पुस्तक खरं आसंल, मास्तर," ते शेवटी म्हणाले, "पर डबा माझा हाय. माझा डबा गळाय लागला तर पेठेत तोंड कुटं दाखवू?" मी माझं पुस्तक मुकाट्याने मिटलं.

अकरा डब्यांत अकरा काड्या लावल्या. बारावीला डबा उरला नाही. पत्रा संपला होता, काडी तर सुकत चाललेली. म्हणून चाचांनी जिन्याखालचा कोळशाचा जुना डबा उपसला, त्यात माती भरली आणि काडी खोचून तो गच्चीच्या कोपऱ्यात ढकलून दिला. हा डबा त्यांनी बारा वर्षांचे असताना वडिलांच्या हाताखाली केलेला, आयुष्यातला पहिला डबा. तेव्हापासून त्यात कोळसेच भरले जात होते.

पुढच्या दोन महिन्यांत मी गच्चीवर जे पाहिलं त्याला शुश्रूषा म्हणायचं की छळ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोल्हापूरचा पाऊस वरून ओततच होता. तो थांबला की चाचा ओतत. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, हा या गावचा नियम त्यांनी काड्यांनाही लावला. शेणखत झालं, मासळी धुतलेलं पाणी झालं, तालमीतल्या वस्तादांच्या सांगण्यावरून थंडाईच्या बदामांचा चोथाही झाला. डब्यांत चिखल झाला, चिखलाला वास सुटला आणि एकेक काडी काळी पडून मऊ व्हायला लागली. चार गेल्या तेव्हा चाचांनी मातीला दोष दिला, सात गेल्या तेव्हा दृष्टीला. अकरावी गेली त्या दिवशी खालची हातोडी बंद होती. मी खाली गेलो तर चाचा रिकाम्या हातांनी बसले होते आणि चाची उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्या त्यांना काही बोलल्या नाहीत. त्या माउलीचं ते न बोलणं मला अजून आठवतं, आणि तेव्हा मला चाचांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हातोडी नाही, पण माझं दार वाजलं. दारात चाचा उभे. चेहरा असा की घरात चोरी करताना स्वतःलाच पकडलं असावं. त्यांनी जिन्याकडे बघून घेतलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, येक डबा गळतोय. माझाच हाय."

गच्चीच्या कोपऱ्यात तो कोळशाचा डबा होता. त्याच्या एका कोपऱ्यात डाख मुळात बसलीच नव्हती आणि तिथून पाण्याची बारीक धार भिंतीकडे गेली होती. आणि डब्यात, कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या बाराव्या काडीला, सहा हिरवीगार पानं फुटली होती. आम्ही दोघं त्या डब्यापुढे उकिडवे बसलो. चाचा एकदा पानांना बोट लावत, एकदा त्या फटीला. या माणसाला आनंद आणि लाज एकाच वेळी होत होती आणि दोन्हींना पुरेल एवढा चेहरा त्याच्याकडे नव्हता. चाळीस वर्षं आपला पहिला डबा गळका होता आणि अब्बांनी ते कळूनच तो कोळशाला लावला असणार, हे त्यांना तेव्हा उमजलं. फटीवरचं बोट न काढता ते म्हणाले, "अब्बा बोलले न्हाईत कदी."

पण हार मानतील तर ते चाचा कसले. त्यांनी भोकं पाडली, पण आपल्या पद्धतीने. अकराही डब्यांच्या बुडाजवळ त्यांनी करंगळीएवढी सुबक तोटी बसवली, तिला चहूबाजूंनी डाख लावली आणि पेठेत जाहीर केलं की हे गळणं नव्हे, ही सोय आहे. तळाला विटांचे तुकडे, वर माती, वाळू आणि जुनं शेणखत, असा माझ्या पुस्तकातला बेतही त्यांनी आता निमूट मान्य केला. हिवाळा सरेपर्यंत बारावी काडी कमरेएवढी झाली. पुढच्या पावसाळ्यात तिच्याच फांद्या कापून अकरा डब्यांत लावल्या आणि अकराच्या अकरा धरल्या. रोज सकाळी चाचा पाणी घालत, प्रत्येक तोटीखाली पेपरचा कागद सरकवत आणि तो भिजला की समाधानाने पुढच्या डब्याकडे जात. पेठेतली माणसं बघायला येत. त्यांना चाचा सांगत, की आधी भोक, मग माती, मग झाड. जणू हे शास्त्र त्यांच्या घराण्यात सात पिढ्या चालत आलं होतं. मी शेजारीच उभा असे. नुसती मान डोलवत असे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बायकांनी पाट्यावर पाला वाटला. मुलाकडच्यांनी आपले सावधपणे बाजारातल्या मेंदीच्या दोन पुड्या बरोबर आणल्या होत्या. डब्यातल्या झाडाला कसला आलाय रंग, असं त्यांच्यातली एक मावशी चाचांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाच्या पायरीवर बसून होते, हातात पेपर, नेहमीप्रमाणे न वाचलेला. लेक आतून आली आणि तिने दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले. रंग इतका गडद चढला होता की काळपट दिसत होता. मागोमाग तीच मावशी आली आणि पाला उरला आहे का, म्हणून विचारू लागली. चाची लेकीच्या मागे उभ्या होत्या. दोन वर्षं त्यांनी या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "म्हायेरच्यापेक्षा चढलाय." चाचांनी पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता, आणि बराच वेळ उलटाच राहिला.

त्या अकरा डब्यांतला एक लेकीबरोबर एसटीच्या टपावर बसून सासरी गेला, चार शिरोळला गेले, आणि तिथे आता पुन्हा कुंपण आहे. एक चाचांनी माझी बदली झाली तेव्हा माझ्या हातात दिला. नंतर कधी पेठेत गेलो की ते माझी नोकरी, बायकामुलं यांची चौकशी मागाहून करत. पहिला प्रश्न ठरलेला असे, "मास्तर, कागद वला हाय न्हवं?" चाचा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिथे आता हातोडी वाजत नाही. डबा माझ्या गॅलरीत आहे, मेंदीला अजून पालवी फुटते. सकाळी पाणी घातलं की मी तोटीखाली पेपरचा कागद सरकवतो आणि वाट बघत उभा राहतो. कागद भिजतो. आता विचारणारं कुणी नाही, तरी मी हळूच म्हणतो, व्हय चाचा, वला हाय.