पळसाच्या पानातली भजी

इंदापूरच्या कचेरीसमोर एक म्हातारा भजी विकायचा. बाकीचे सगळे रद्दीत बांधत, हा मात्र पळसाच्या पानातच. मी कचेरीत नवा कारकून होतो. एकदा वालचंदनगरची मोटार सुटायला आली आणि पान फाटकं निघालं, म्हणून मी पिशवीतला जुना पेपर पुढं केला. त्यानं हात मागं घेतला.

"आदी उलगडा. दोनी बाजू दावा."

मी दाखवल्या. तो डोळे बारीक करून बघत राहिला.

"आबा, वाचता येतं?"

"न्हाय. मी ह्याच कचेरीत शिपाई हुतो. कालव्यात कुनाच्या जमिनी जानार, त्याचा गुप्त नकाशा एका कारकुनानं चोरला अन् माझ्या घरी ठिवाय दिला. झडतीत घावला. नोकरी गेली, तुरुंग बघितला. म्या म्हनलं, मला वाचता येत न्हाय. सायब म्हनला, तुझ्यापाशी घावला ना?"

"मग आता कागदात काय शोधता?"

"लाल शिक्का. कोर्टात सारका दावत हुते, तेवढाच वळखतो."

माझ्या पेपरावर शिक्का नव्हता. तरी त्यानं तो घेतला नाही, आणि दोन पानं काडीनं टाचून भजी बांधली.