बॉनेटची उजवी कड

रेइनेरियो चाळीस वर्षं मातान्सास शहरातल्या जुन्या गाड्यांचे पत्रे सरळ करत आला होता. दोन मडगार्डांच्या मधोमध बसलेल्या बॉनेटवरून तो एकदा नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "डावीकडे एक चकती घाल." बोल्टाखाली पत्र्याची पातळ चकती सरकली की बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट काचेपासून दिव्यापर्यंत सारखी व्हायची. मोजपट्टी तो क्वचितच हातात घेई.

यंदा त्याच्या उजव्या डोळ्यापुढे दुधाळ पडदा आला होता. बायकोला, मिग्दालियाला, त्याने "धूळ गेली" एवढंच सांगितलं. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टरने काय सांगितलं असतं, त्यापेक्षा ते ऐकून घरी परत कसं यायचं, याचीच त्याला धास्ती होती. डोळा गेला तर काम गेलं, आणि काम सोडून दुसरं त्याला काही येत नव्हतं.

अशात ओस्मेलची बावन्न सालची शेव्हरोले त्याच्या अंगणात आली. ओस्मेलला ती टॅक्सी म्हणून चालवायची होती. आठ दिवस खपून रेइनेरियोने बॉनेट बसवलं, रंग दिला आणि गाडी इंजिनासाठी निवाल्दो मेकॅनिककडे पाठवली. पंधरवड्याने ओस्मेल ती चालवतच परत घेऊन आला.

"उस्ताद, हे बघा."

बॉनेटची उजवी कड मडगार्डला घासली होती. दोन बोटं रंग उडून खालचं लोखंड दिसत होतं.

"मी दिली तेव्हा फट बरोबर होती," रेइनेरियो म्हणाला.

"असेल. मी कुठे मोजली? तुम्ही बरोबर म्हणालात, मीही बरोबर म्हटलं."

समोरच्या फुटपाथवर डॉमिनो रंगला होता. तिथून कुणीतरी ओरडलं, "रेइनेरियो, चष्मा देऊ का? माझ्या सासूचा आहे, पण त्यातून तिला माझे सगळे दोष दिसतात!"

सगळे हसले. रेइनेरियोही हसला.

त्याने उजव्या मडगार्डखालची एक चकती काढली, मग दुसरी. घासण्याचा आवाज थोडा कमी झाला, पण डावीकडची फट तशीच आ वासून राहिली. आता उजवं मडगार्डही बॉनेटच्या खाली गेलेलं दिसत होतं. का त्याला तसं वाटत होतं? पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या नजरेला विचारावं लागत होतं.

ओस्मेल चुळबुळला. "वाईट वाटून घेऊ नका, उस्ताद. कार्देनासला एक जण आहे, तो म्हणे यंत्राने मोजतो..."

"मग ने तिकडे."

"नेऊ?"

"जेवणवेळेपर्यंत थांब."

रेइनेरियोने दोन्ही डोळे मिटले आणि बोटं फटीवर ठेवली. उजवीकडे नखही शिरेना, डावीकडे बोट जाई. हे ठाऊकच होतं. तसाच चाचपत तो डाव्या मडगार्डच्या मागच्या टोकाला, दारापाशी आला. तिथे वरच्या बाजूला फट रुंद होती, खाली जवळजवळ बंद. तो थबकला. दाराची ही फट त्याने नजरेने लावलीच नव्हती. ती तो नेहमी बोटांनीच लावायचा, आणि गाडी दिली तेव्हा ती वरपासून खालपर्यंत एकसारखी लागली होती. बोटांना काही मोतीबिंदू झाला नव्हता.

म्हणजे नंतर काहीतरी हललं होतं. डावं मडगार्ड नाकाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, खाली बसलं होतं.

पुठ्ठा अंथरून तो गाडीखाली शिरला. रेडिएटरची चौकट, जिच्यावर दोन्ही मडगार्डांची नाकं टेकतात, ती दोन रबरांवर बसवलेली असते. उजवं रबर जागेवर होतं. डावीकडे लोखंडावर लोखंड.

"ओस्मेल! इंजिन घालताना रेडिएटर काढला होता?"

"काढावाच लागला. डिझेलचं लांबडं इंजिन, आत जाईना."

"आणि इथलं रबर?"

ओस्मेल वाकला. "एक कुठेतरी गडगडलं. निवाल्दो म्हणाला, एवढ्याशा रबराने काय होतंय!"

रेइनेरियो तसाच उताणा पडून हसू लागला. डावी बाजू खचली, सगळं नाक डावीकडे कललं आणि उजवं मडगार्ड बॉनेटवर आलं. ओरखडा उजवीकडे, म्हणून सगळे उजवीकडेच बघत राहिले. सगळ्यात आधी तो स्वतः.

ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा कापून त्याने चौकटीखाली घातला आणि काढलेल्या दोन्ही चकत्या परत लावल्या. बॉनेट खाली सोडलं. एकच मऊ आवाज झाला. ओस्मेलने प्लास्टिकची पट्टी फटीतून काचेपासून दिव्यापर्यंत ओढत नेली, मग दुसऱ्या बाजूने.

"कुठेच अडकली नाही, उस्ताद!"

"उद्या गाडी आण, कडेला रंग लावून देतो. आणि निवाल्दोला सांग, ते एवढंसं रबर सापडलं तर गळ्यात बांधून फिर."

ओस्मेल गेल्यावर मिग्दालिया कॉफी घेऊन बाहेर आली. "काय रे म्हाताऱ्या, गाडीखाली कुणी गुदगुल्या करत होतं का?"

"डोळ्याची चूक नव्हती."

"कुठल्या डोळ्याची?"

त्याने एका घोटात कॉफी संपवली. आता सांगायला काहीच जड जात नव्हतं. "उजव्याने नीट दिसत नाही. चार महिने झाले."

"पाच. तेव्हापासून तू साखर कपाबाहेर सांडतोस." तिने त्याच्या हातातला रिकामा कप घेतला. "दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो."

"आज?"

"आजच. आणि अंघोळ करून चल. डोळे तपासणारा डॉक्टर फार जवळ येतो."