चालू मशीनचा शुभारंभ

आमच्या पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं राजपाल बघतो. कंत्राटावर. लग्न ठरलं तेव्हा "यंदा कायम करतेत" असं त्यानं सासऱ्याला तेरखेड्यात जाऊन सांगितलं होतं. आता लेक शाळेत जाते, पण ह्याचं 'यंदा' काही संपेना. मी वनमाला, भूमच्या मुख्य शाखेतली कॅशियर. माझं टेबल त्याच्या खोलीच्या दाराशीच, म्हणून जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

जिल्ह्याचं नाव बदललं तशा पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. मग कुणीतरी अध्यक्षांच्या कानाला लागलं, की मुख्य सर्व्हरचं नाव अजून उस्मानाबादच हाय. हा सर्व्हर म्हणजे संस्थेचा दारवान. वाशीच्या शाखेत असो की ढोकीच्या, कुणीही पासवर्ड टाकला की खरा का खोटा ते हाच ठरवणार. अध्यक्ष म्हणाले, "राजपाल, बदलून टाक. एकबी शाखा बंद पडली न्हाय, तर तुझी कायमची ऑर्डर लगेच."

राजपालनं जुन्याला हात लावला नाही. शेजारी नवं मशीन मांडलं, त्याला धाराशिव नाव दिलं, जुन्यातलं सगळं हळूहळू त्यात उतरवलं. मग जुनं बंद करून त्याचा पत्ता नव्याला दिला, कारण शाखांतले कॉम्प्युटर त्याच पत्त्यावर विचारायला येतात. सोमवारी शाखा उघडल्या आणि कुणाला काही कळलंसुद्धा नाही! मी म्हटलं, "राजपाल, पेढे कधी?" तर लाजला. "ऑर्डर तर हातात येऊ द्या की, ताई."

पण आमच्याकडं बटण दाबल्याशिवाय काम झालं असं कुणी मानतंय का? भर दुपारी संचालक जमले, फोटोवाला आला. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. अध्यक्षांचा भाचा उत्कर्ष ताट धरून उभा. अध्यक्षांनी बोट पुढं केलं.

"साहेब, ते चालूच हाय," राजपाल म्हणाला. "बटण नका दाबू. नुसता कीबोर्डला हात लावा."

"मग मी काय हळदकुंकवाला आलोय व्हय?"

सगळे फिदीफिदी हसले. फोटोवाला म्हणाला, "बोट बटणावरच पाहिजे, साहेब." अध्यक्षांनी दाबलं. टाळ्या!

मशीनची घरघर थांबली. टाळ्या संपायच्या आत फोन वाजायला लागले. ढोकीत पासवर्ड घेईना, वाशीत गिऱ्हाईक बोंबलतंय. राजपाल पुढं धावला, तर अध्यक्षांनी त्याला मागं सारलं. "काय घोटाळा करून ठेवलास रे?" आणि स्वतःच परत बटण दाबलं. थोड्या वेळानं मशीन उठलं, शाखा चालू झाल्या. "साहेबांच्या हातालाच यश हाय," एक संचालक म्हणाला. मेल्याची जीभ कशी झडली नाही!

मी तोंडावर म्हटलं, "बंद तुम्हीच केलं, साहेब." ते म्हणाले, "वनमालाबाई, तुम्ही कॅश बघा." शाखा बंद पडल्या म्हणजे पडल्या, राजपालची अट मोडली. कायमची ऑर्डर निघाली, पण उत्कर्षच्या नावानं.

राजपाल अजून येतो, कंत्राटावरच. उत्कर्षला काम शिकवायला. काल उत्कर्ष मशीनपुढं खुर्ची ओढून बसला आणि बोट लावून विचारायला लागला, "हे कशाचं बटण?"

राजपाल उभाच होता. खालच्या आवाजात म्हणाला, "ते दाबायचं न्हाय, साहेब."