आत्याने लिहून दिलेली चूक

माझी आत्या रागीट आहे, हे आमच्या घरात आलेल्या नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पडदा तिरका लागला, रागावली. कपाटाचं दार उघडं राहिलं, रागावली. कुणी दोन हातांत अंतर दाखवून 'साधारण एवढं' म्हणालं की संपलंच. "साधारण म्हणजे किती?" म्हणत ती पर्समधून टेप काढते. हा स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरलाय. त्यामुळे आमचं दोघींचं छान जमतं आणि बाकीच्यांचं आमच्याशी जमत नाही.

गेली एकतीस वर्षं आत्या कपड्यांच्या एका कारखान्यात साचे काढते. साचा म्हणजे कापड कापण्याआधी कागदावर काढलेला प्रत्येक तुकड्याचा आकार: पाठ, बाही, कॉलर, खिसा. आधी ती हे हाताने काढायची. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि चाळिशी ओलांडलेल्या आत्याने तो महिन्याभरात आत्मसात केला. आता ती पडद्यावर साचा काढते आणि शेजारचा प्लॉटर तो पेनाने लांबलचक कागदावर उतरवतो. कागदाच्या कोपऱ्यात आत्या सही करते. तिची सही असली की कटाईच्या टेबलावर कुणी टेप लावत नाही, कागद कापडावर पसरून थेट कात्री चालवतात. पाठीमागे तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणतात. हे तिला माहीत आहे आणि मनातून आवडतंही.

अशा बाईच्या हातून तीन महिन्यांपूर्वी चूक झाली. एका हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांसाठी चारशे कोट करायचे होते. कापड कापून झालं, शिवायला घेतलं, तर उजवी बाही खांद्यात बसेना. दीड सेंटिमीटर जास्त. चारशे उजव्या बाह्या बाद. आत्याने पडद्यावर माप पाहिलं तर ते बरोबर होतं. मग पुढच्या महिन्यात एका कॉलरचं टोक गेलं, त्यानंतर खिसे. ती प्रत्येक कागद टेपने मोजू लागली, पण एकेका कागदावर दोन-दोनशे रेषा, त्यातली कुठली सरकली ते किती शोधणार? आणि हे व्हायचं नेमकं दुपारनंतर. झालं, कारखान्याला विनोद मिळाला. म्हणे जेवल्यावर फूटपट्टीला डुलकी लागते.

तेव्हा तिने मला फोन केला होता. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, हाच माझा धंदा. "एकदा ते मशीन बघून जा गं," ती म्हणाली. माझ्यापुढे दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरच्या चार पेट्या उघड्या पडल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. डोळे तपासून घे."

तिने डोळे तपासून घेतले. नवा चष्मा केला, मग दुसरा केला. आणि हळूहळू तिने रागावणंच सोडून दिलं. एकदा आमच्या घरी आली, तिरका पडदा पाहिला आणि गप्प बसून राहिली. माझ्या आईला वाटलं, चला, वयाने निवळली. मला मात्र धस्स झालं. तरी मी काही केलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं की तिचं वय झालं.

मालकांनी तिच्याकडून लेखी घेतलं. 'कोटांच्या साच्यातली चूक माझी आहे' आणि खाली सही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. इतरांनी सावध राहावं म्हणून तो कागद कटाईच्या खोलीतल्या फळ्यावर लावला. महिनाभर आत्या रोज त्या कागदासमोरून जाऊन कामाला बसत होती. शेवटी तिने राजीनामा दिला.

शेवटच्या शनिवारी कारखाना अर्धा दिवस होता. तिचं सामान आणायला मी गेले. सामान म्हणजे काय, एक पोलादी पट्टी, कागदावर ठेवायची वजनं आणि पाठीला लावायची उशी. माणसं घरी गेली होती, मालक त्यांच्या खोलीत होते. पत्र्याचं छप्पर तापलं होतं. "जायच्या आधी सगळे साचे नीट लावून ठेवते," म्हणत आत्याने कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर नेहमीच्या चार ओळी आल्या आणि माझी नजर प्रोसेसरच्या वेगावर पडली. टू पॉइंट एट एट गिगाहर्ट्झ.

असल्या जुन्या पेट्यांवर मी पंधरा वर्षं घालवली आहेत. हा प्रोसेसर टू पॉइंट फोरचा. ह्याहून जास्त आकडा तो आपणहून दाखवूच शकत नाही.

"आत्या, ह्याला कुणी हात लावला?"

"मला काय माहीत? मधे जावईबापूंनी काहीतरी केलं. तेव्हापासून भराभर चालतंय."

जावईबापू म्हणजे मालकांचा जावई. कारखान्यातलं तांत्रिक ते सगळं त्याच्याकडे, कारण त्याच्याकडे दुसरं काही देता येत नाही. मी विचारलं, "मधे म्हणजे कधी?" आत्याने आठवून सांगितलं. कोटांच्या आधी आठ दिवस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग डोक्यात असताना स्क्रू उघडायचे नाहीत, हा माझा नियम आहे. मी प्लॉटरला नवा कागद लावला आणि पन्नास सेंटिमीटरचा साधा चौकोन काढायला सांगितला. एकामागून एक, दहा वेळा. आत्या पोलादी पट्टी घेऊन प्रत्येक बाजू मोजत गेली. पहिले पाच बरोबर. सहाव्याची एक बाजू साडेएकावन्न.

आत्याने ती तीनदा मोजली. मग पट्टी माझ्या हातात दिली. "तू मोज."

"साडेएकावन्नच आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय आत्या!"

मी पेटी उघडली. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली कापडाच्या तुसाची चक्क गादी झाली होती. हवा जायला जागा नव्हती. ती काढली, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती पुसून नवी लावली. पुन्हा दहा चौकोन काढले. चूक आलीच, पण नवव्याला. म्हणजे तूस चुकीला मदत करत होतं, मूळ दुसरीकडे होतं. मग सेटिंगमध्ये गेले. जावईबापूंनी अख्ख्या मशीनचा ठोकाच, म्हणजे ज्या तालावर आतले सगळे भाग चालतात तो वेगच, वाढवून ठेवला होता. ह्या जुन्या पेट्यांमध्ये तो ठोका वाढवला की एकटा प्रोसेसर पळत नाही, प्लॉटरची तार ज्या कार्डाला लावलेली असते तेही त्याच्यामागे फरपटत पळतं. ते कार्ड त्या वेगासाठी बनवलेलंच नसतं. सकाळी गारव्यात निभतं, दुपारी तापलं की मधलाच एखादा आकडा गाळतं आणि पुढे चालू लागतं. मशीन बंद पडलं असतं तर कुणीतरी मला बोलावलं असतं. ते बंद पडलं नाही, गुपचूप चुकत राहिलं.

मी ठोका मूळ जागी आणला. चाळीस चौकोन काढले. आत्याने एकशे साठ बाजू मोजल्या, एकही चुकीची निघाली नाही. आमच्या धंद्यात एवढ्यावर भागत नाही. म्हणून मी मुद्दाम वेग पुन्हा वाढवला. सातव्या चौकोनाला दीड सेंटिमीटर परत आला. परत कमी केला, तो गेला.

"ह्याचा अर्थ काय?" आत्याने विचारलं. अर्थ तिला कळला होता. तिला तो ऐकायचा होता.

"तू चुकली नव्हतीस."

ती खाली बसली आणि चष्मा काढून हातात धरला. वाटलं, आता रडेल. ती उठली आणि मालकांच्या दारावर अशी थाप मारली की आतला माणूस ओरडतच बाहेर आला.

मालकांनी चौकोन पाहिले, जावयाला फोन लावून बोलावून घेतलं. तो आला तोच हसत. "अहो, फुकटात वीस टक्के वेग मिळाला होता! एवढ्याशा फरकाने काय होतं?"

"एवढ्याशा म्हणजे किती?" आत्याने विचारलं.

तीन महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होते. जावई हसायचा थांबला.

"मशीनला हात लावलास तर मला सांगायला तुझी जीभ झडली होती? फळ्यावर माझा कागद टांगला तेव्हा तू इथेच उभा होतास ना? चारशे बाह्या पाहिल्यास, कॉलर पाहिलीस, खिसे पाहिलेस. एकदा तरी डोक्यात आलं नाही?"

"बाई, बाई, शांत व्हा," मालक मध्ये पडले. "झालं ते झालं. तुम्ही सोमवारपासून या. राजीनामा मी फाडून टाकतो. पण हे चारचौघांत नको. घरातली गोष्ट आहे, जावई आहे शेवटी."

"तिचा कागद चारचौघांत लावलात, तेव्हा घर आठवलं नाही?" मी म्हणाले. माझा आवाजही चढला होता. "डुलकी लागते म्हणून हसायचात ना? लागली होती, पण तिला नाही! तुम्हाला सगळ्यांना लागली होती!"

आत्याने हात वर करून मला गप्प केलं. फळ्यापाशी गेली, कागद काढला, टेबलावर ठेवला आणि पट्टीने सपाट केला. 'कोटांच्या साच्यातली चूक माझी आहे.' खाली तिची सही.

तिने स्वतःच्या सहीवर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली. मग पेन जावयापुढे धरलं. "ज्यांची आहे त्यांनी सह्या करा. मग हा परत फळ्यावर लागेल. तो लागला तर मी सोमवारी येईन."

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याने जमिनीकडे. आत्याचं पेन तसंच पुढे. शेवटी त्याने सही केली. मालकांनी बराच वेळ घेतला. चष्मा शोधला, घसा साफ केला, पण त्यांनीही केली. तारीखसुद्धा घातली. मला इतकं बरं वाटलं की मी फळ्यावरची टाचणी काढून हातात तयार ठेवली.

आत्याने कागद उचलला नाही. पेन माझ्याकडे वळवलं.

"आत्या, मी?"

"मी फोन केला होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "मशीन बघ म्हटलं होतं."

मी टाचणी खाली ठेवली आणि मालकांच्या सहीखाली सही केली.