दुसऱ्या जाळीचा कौल

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगतो. हुपरीत चांदीची पैंजणं घडवण्यात जन्म गेला, कुणापुढं मान वाकवली नाही. कोल्हापुरात माझ्या हृदयाच्या शिरेत जाळी बसवली, डॉक्टर तिला स्टेंट म्हणतात. त्यानंतर एक गोळी चुकवली नाही, तंबाखू सोडली, देवीला स्वतःच्या हातानं घडवलेले चांदीचे डोळे वाहिले. तरी छातीवर परत दगड ठेवल्यागत झालं. डॉक्टर म्हणाले, जाळी आतून पुन्हा अरुंद झालीय, परत आत शिरून दुसरी जाळी बसवावी लागेल, थांबलात तर जिवाला धोका. मी म्हणालो, "देवीला इचारल्याबिगर न्हाय."

आमच्याकडं असं काही ठरवायचं झालं की कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि साकडं घालायचं. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मुलगा गावी देवळात जाऊन बसला, मी कोल्हापुरात दवाखान्याच्या वॉर्डात. दुपारी त्याचा फोन आला, "आबा, दोन्ही फुलं जाग्यावरच हायत." जवळ सून होती. ती म्हणाली, "मामा, देवी बी तुमच्यासारखीच हाय की, हलंना." मला हसू आलं नाही.

शेजारच्या खाटेवर आजऱ्याचा एक जण होता, काजूच्या कारखान्यात कामाला. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान. त्याचीही जाळी आतून भरून आली होती. मला ते पटेना. डॉक्टरांना विचारलं, "माझं म्हाताऱ्याचं ठीक हाय, ह्याचं का?" ते म्हणाले, "आबा, तुमची शीर चुना साचून कडक झालीय, जाळी पुरती उघडलीच नाही, त्यात साखर. त्याची शीर मऊ, पण जाळीच्या जखमेवर अंगानं नवं मांस जास्तच भरलं. बरं करायच्या नादात वाट बुजवली. कुणाचं असं होईल, ते आधी नेमकं सांगता येत नाही."

मी अडून बसलो म्हणून त्याला आधी नेलं. त्याच्या आईनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला. जाताना मला म्हणाला, "आजोबा, तुमच्या देवीनं माझा नंबर लवकर लावला बघा."

तो परत आला नाही. आत असतानाच त्याचं हृदय थांबलं.

दिवस मावळताना त्याची आई खाटेखालची पिशवी आणि त्याच्या चपला न्यायला आली. रडत नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमचं झालं न्हाय व्हय अजून?"

"कौलाची वाट बघतोय."

"आमी बी लावलाता." ती चपला पिशवीत घालत होती. "उजवा दिलाता देवानं."

पिशवी उचलून ती म्हणाली, "म्हणून काय पाठवायचा न्हवता? उशाला बांधून ठिवायचा हुता? आमच्या हातात हुतं तेवढं केलं, फुडचं देवाच्या हातात दिलं. तुमची सून सकाळपासनं उपाशी बसलीया, आन तुम्ही फुलाकडं बघत बसलाय. जावा, दादा."

तिनं कनवटीची पुडी सोडली. तोच अंगारा. बाई ठेंगणी, मी खाटेवर ताठ बसलेलो. तिचा हात पोचेना, तेव्हा मला मान खाली घालावी लागली. तिचा अंगठा कपाळाला लागला आणि इतक्या दिवसांचा राग कुठं गेला कळलं नाही. सुनेला म्हणालो, डॉक्टरांना सांग, मी तयार आहे.

मी वाचलो. तो का गेला आणि मी का राहिलो, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसरी जाळीही कधी भरेल, नेम नाही. रोज गोळी घेताना आधी त्या माउलीला हात जोडतो. देवी त्या दिवशी देवळात नव्हती, माझ्या खाटेशेजारी चपला गोळा करत होती, एवढं मला कळलं.

मी घरी आलो त्या दिवशी मुलगा सांगायला लागला, "आबा, तुम्हाला आत नेलं आन इकडं फूल पडलं." मी त्याला तिथंच थांबवलं. कुठलं पडलं, ते मी अजून विचारलेलं नाही.